दोन हिरवे ठिपके

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून एकाच सूक्ष्मदर्शकात डोळे घालायचे आणि लोकांनी साधं टोपणनावही ठेवू नये, म्हणजे मग एवढी वर्षं केलं तरी काय?

काम सांगायला सोपं. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून अलगद खरवडून घेतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून त्यांच्या टेबलावर येत. त्या पट्टीला सगळे स्लाइड म्हणतात, आपणही म्हणू. ती आधी वाचायची ठिपकेबाईंनी. कॅन्सरचा संशय आला, तर त्या जागी शाईचा ठिपका देऊन स्लाइड मोठ्या डॉक्टरांकडे. साधं इन्फेक्शन असलं, तर ठिपका देऊन, तसं लिहून, कपाटाच्या ड्रॉवरमध्ये. काहीच नसलं तरी ड्रॉवरमध्येच. ड्रॉवरमध्ये गेलेली स्लाइड पुन्हा कुणी काढून बघत नाही. म्हणजे बहुतेक बायकांच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा नव्हेच, ठिपकेबाईंचा. ही गोष्ट त्या नव्या मुलींना अगदी पहिल्या दिवशी ऐकवत आणि मुलींचे चेहरे पडले की त्यांना बरं वाटे.

बाकीचे लोक निळा ठिपका देत, तोही थेट पेशीच्या डोक्यावर. ठिपकेबाईंची शाई हिरवी आणि ठिपका पेशीच्या डावीकडे, जरासं अंतर राखून. माणसाला हाक मारायची तर शेजारी उभं राहून मारावी, त्याच्या डोक्यावर बसून नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि शंभर टक्के खात्री असली, तर एकावर एक असे दोन ठिपके. ते क्वचितच.

स्लाइड वाचायची रीतही ठरलेली. ओल्या फडक्यानं फरशी पुसावी तशी, पट्ट्यापट्ट्यानं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये काही सापडलं म्हणून फडकं टाकून उठायचं नाही. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत किती मुलींना सांगितलं असेल याची गणती नाही. दुसऱ्याला सांगितलेलं स्वतःला लागू नसतं असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे, तो त्यांनीही पाळला. एकदाच. पण नेमका कुणाच्या वेळी, ते ऐका.

त्यांना एक धाकटी जाऊ होती. म्हणजे आहे. हसरी, जरा भित्री, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सहा वर्षांपूर्वी तिला अधूनमधून रक्त जायला लागलं. नवऱ्याला सांगायची लाज, डॉक्टरकडे जायची त्याहून. शेवटी ठिपकेबाईंनी दम दिला तेव्हा कुठे तपासणीला तयार झाली, पण एका अटीवर.

“जाऊबाई, ती काच तुम्हीच बघा. परक्या माणसाला नको.”

जणू काचेवर तिचा चेहराच उमटणार होता. ठिपकेबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. खरं तर नात्यातल्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, असा प्रयोगशाळेचा नियम आहे. आपल्या माणसाचं वाईट बघायला डोळा राजी नसतो, म्हणून. पण नियम मोडतानासुद्धा माणसाला आपण कुणावर तरी उपकारच करतोय असं वाटू शकतं. त्यांनी जावेची स्लाइड स्वतः वाचली आणि रजिस्टरमध्ये ‘तपासणाऱ्याची सही’ या रकान्यात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची सही घेतली. मैत्रिणीनं विचारलंसुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ होता. चौथ्या की पाचव्या पट्ट्यात त्यांना बुरशीचे धागे दिसले. लांब, फांद्या फुटलेले, गुलाबी. त्यांचा जीव भांड्यात पडला. रक्त का जातं ते कळलं, बुरशीचं इन्फेक्शन, आठ दिवसांच्या गोळ्या. त्यांनी डावीकडे एकावर एक दोन हिरवे ठिपके दिले आणि तिथूनच जावेला फोन लावला. तुझी काच मी स्वतः डोळ्यांत तेल घालून बघितलीय, काही नाही, उगीच घाबरतेस, असं सांगितलं. जाऊ फोनवर रडायला लागली, आनंदानं. उरलेले पट्टे त्यांनी त्यानंतर वाचले की नाही, हे त्यांना आठवत नाही. वाचले असतील. आठवत मात्र नाही.

पुढे रक्त थोडं थांबलं, पुन्हा लागलं. जावेनं जाऊबाईंना विचारलं, गोळ्या घेतल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा घेतल्या. जाऊबाईंनी बघितलंय म्हटल्यावर भ्यायचं कशाला? दोन वर्षांनी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा कॅन्सर बराच पसरला होता. मोठं ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार झाले. जीव वाचला. पण ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या गाठी काढाव्या लागल्यामुळे डावा पाय कायमचा सुजला. रोज सकाळी त्यावर घट्ट मोजा चढवायचा, तो तिच्या एकटीच्या हातानं चढत नाही, नवरा चढवून देतो. चपला घ्यायच्या तर दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात. जाऊ यावरही विनोद करते. म्हणते, माझ्या उरलेल्या चपला फुकट जायला नकोत, उजवा पाय सुजलेली एखादी बाई शोधून द्या.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळं गणगोत जमलं होतं. स्ट्रेचर आत जायच्या आधी ठिपकेबाई पुढे झाल्या, जावेच्या केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं, एवढं अंगावर काढतात का?”

मायेनंच म्हणाल्या. जाऊ त्यांच्याकडे बघत राहिली. पण वाक्य गणगोताला फार आवडलं. कुणाला काही झालं की ते का झालं याचं एक सुटसुटीत उत्तर लोकांना लागतं, ते ठिपकेबाईंनी आयतं हातात दिलं. त्या दिवसापासून जाऊ ही दुखणं अंगावर काढणारी बाई ठरली. तिच्या एकुलत्या एका लेकीनं आईच्या आजारपणात कॉलेजचं वर्ष सोडलं, ते गेलं ते गेलंच. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते, आठवड्यातून एकदा फोन करते आणि फोन कशावरूनही सुरू झाला तरी संपतो एकाच वाक्यावर, “तू अंगावर काढलंस आणि भोगलं मी.” जाऊ ते ऐकून घेते. तिलाही ते खरं वाटतं.

ठिपकेबाईंना निवृत्तीला तीन महिने उरले असताना प्रयोगशाळेत एक नजरवाली आली. जेमतेम तिशीची, बोलायला मऊ, नजरेचा अभ्यास करणारी संशोधक, म्हणून तिचं नाव पडलं नजरवाली. तिला शोधायचं होतं ते असं. तयार डोळ्यालासुद्धा कॅन्सरच्या पेशी कधीकधी कशा दिसत नाहीत? आणि आधीच कुणी खूण करून ठेवली असेल, तर तिची मदत होते की अडचण? त्यासाठी तिनं जुन्या स्लाइड घेतल्या होत्या, ज्यांवर ‘ठीक’ किंवा ‘इन्फेक्शन’ असं लिहिलं गेलं, पण ती बाई पुढे काही वर्षांत कॅन्सर घेऊन परत आली. त्यांत थोड्या खरोखरच निर्दोष स्लाइड मिसळल्या होत्या. सगळ्यांचे मोठे फोटो करून ती पडद्यावर दाखवणार होती. पडद्याखाली एक काळी पट्टी, तिच्यातला कॅमेरा वाचणाऱ्याची नजर कुठे जाते, कुठे थांबते ते टिपणार.

हे ऐकताना ठिपकेबाईंच्या मनात काहीतरी टोचलं. त्यांनी ते झटकलं. चोराच्या मनात चांदणं असतं, आपण कुठे चोर आहोत, असं स्वतःला म्हणाल्या आणि सर्वांत आधी जाऊन खुर्चीत बसल्या. चाळीस फोटो वाचले. निवांत, ऐटीत.

आठवड्यानं नजरवालीनं त्यांना बोलावलं आणि त्यांच्या नजरेचे नकाशे दाखवले. पेशींच्या फोटोवर लाल रेघ, नजर गेली तशी. जिथे थांबली तिथे वर्तुळ, जास्त थांबली तर मोठं. ठिपकेबाईंना गंमत वाटली. आपली नजर म्हणजे आपल्यालाच कधी न दिसणारी वस्तू, ती अशी कागदावर. पस्तीस ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. एवढं कुणाचंच नव्हतं.

“ही बघा, बाई, माझी सगळ्यात आवडती,” नजरवाली म्हणाली आणि तिनं एक नकाशा पुढे सरकवला.

वरच्या डाव्या बाजूला बुरशीचे धागे. त्यांच्या डावीकडे एकावर एक दोन हिरवे ठिपके. ठिपक्यांभोवती लाल वर्तुळांचा नुसता गुंता. आणि तिथून पुढे रेघ सुटली होती ती सरळ, एखादी औपचारिक भेट उरकावी तशी. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात दहा-बारा पेशींचा एक पुंजका होता. मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रकं, पेशीत मावत नसलेली. पहिल्या वर्षाच्या मुलीनंही ओळखावीत अशी. रेघ त्या पुंजक्याच्या बरोबर मधून गेली होती. वर्तुळ एकही नव्हतं.

नजरवाली समजावत होती. नजर गेली, पण थांबली नाही. एकदा काही सापडलं की मनातला शोध संपतो, पुढे डोळे फक्त फिरतात. खूण असली तर आणखीच, कारण आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की बघायचं ते इथे आहे. ती उत्साहानं बोलत होती, तिला काय माहीत. ठिपकेबाईंचं लक्ष त्या ठिपक्यांवर खिळलं होतं. हिरवी शाई. डावीकडे. दोन. ज्या ठिपक्यांनी त्यांना सहा वर्षांपूर्वी थांबवलं होतं, त्यांनीच गेल्या आठवड्यात पुन्हा थांबवलं होतं.

त्यांनी स्लाइडचा नंबर विचारला. नजरवालीनं सांगितला. नाव तिलाही ठाऊक नव्हतं, ते फक्त जुन्या रजिस्टरमध्ये होतं. ठिपकेबाई रजिस्टरच्या कपाटाशी गेल्या, त्या सालाचं काढलं, बोट खाली खाली नेलं. जावेचं नाव. पुढे ‘इन्फेक्शन’. पुढे मैत्रिणीची सही.

आणि आता खरी गोष्ट सांगतो, कारण चूक तर कुणाच्याही हातून होते. हा रोग दोन वर्षांत एवढा वाढत नाही. त्याला बहुधा कितीतरी वर्षं लागतात, हे जगात कुणाला नाही तरी ठिपकेबाईंना माहीत होतं. व्हरांड्यात ते वाक्य बोलल्या तेव्हाही माहीत होतं. ती स्लाइड त्यांच्या खुर्चीपासून अकरा पावलांवरच्या ड्रॉवरमध्ये होती आणि चार वर्षांत त्यांनी तो ड्रॉवर उघडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा घालणारा निदान शोधत तरी असतो. यांनी शोधलंच नाही. दृष्टीआड सृष्टी करून बसल्या. आपण सहा वर्षांपूर्वीच्या चुकीला नाही, चार वर्षांच्या गप्प बसण्याला घाबरतोय, हे त्यांना रजिस्टर हातात असतानाच कळलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

आधी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. डॉक्टर भला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, वाचणारा कितीही चांगला असला तरी काही सुटतातच, नात्यातली वाचली हे मात्र वाईट केलंत. चौकशीचा कागद करावा लागेल, तो मी करतो. मग आवाज उतरवून म्हणाले, “घरी सांगायची काय गरज आहे? त्यांचं आता बरं चाललंय. तुमचे तीन महिने राहिलेत.”

ठिपकेबाईंना तेवढं आमंत्रण पुरेसं होतं. चार दिवस त्या गप्प राहिल्या. चार दिवस त्यांना हेच योग्य वाटलं, की आजारी माणसाच्या मनाला का त्रास द्या. रविवारी त्या जावेकडे गेल्या तेव्हा लेकीचा फोन चालू होता. जाऊ नुसती हूं हूं करत होती. शेवटी म्हणाली, “हो गं बाई, माझंच चुकलं. किती वेळा म्हणू?” आणि फोन ठेवून वळून हसली. “चहा टाकते, जाऊबाई.”

ठिपकेबाईंनी तिला खाली बसवलं आणि सांगून टाकलं. पाणी न पिता, घसा न खाकरता. बुरशी, ठिपके, कोपऱ्यातला पुंजका, मैत्रिणीची सही, न उघडलेला ड्रॉवर. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही रडेल, किंवा घरातून जा म्हणेल. जाऊनं आपल्या सुजलेल्या पायाकडे बघितलं.

“म्हणजे ते तेव्हाच होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“आणि मला वाटायचं, तुम्ही बघितलंत म्हणजे तेव्हा नव्हतं. नंतर माझ्याच काही हेळसांडीनं आलं. म्हणून मी तुमचं नाव कधी काढलं नाही.” मग म्हणाली, “मला ते बघायचंय.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना, ठिपकेबाईंनी डॉक्टरांच्या परवानगीनं तिला आपल्या खुर्चीत बसवलं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. स्लाइड लावली, उजवा खालचा कोपरा भिंगाखाली आणायच्या आधी सगळ्यात कमी मोठं दाखवणारं भिंग लावलं, म्हणजे तिला जास्तीत जास्त भाग दिसेल. जाऊ वाकून बघत राहिली. डोळे चोळले, पुन्हा बघितलं.

“मला तर नुसते ठिपकेच दिसतायत हो,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. होतं ते सांगत होती. ठिपकेबाईंनी स्लाइड काढली, स्पिरिटचा बोळा घेतला आणि दोन्ही हिरवे ठिपके पुसले. शाई जुनी होती, जोर लावावा लागला. काच पुन्हा बसवली, कोपरा आणला, मोठं भिंग फिरवलं.

“आता?”

“या काळ्या?”

“हो.”

“एवढ्याच?” जाऊ म्हणाली. “मूठभरसुद्धा नाहीत.”

ती बघतच राहिली, इतका वेळ की ठिपकेबाईंना वाटलं तिची मान अवघडेल. मग डोळे न उचलताच म्हणाली, “लेकीला तुम्ही सांगायचं. आत्ता. मी सांगितलं तर म्हणेल, आई आता आपलं खापर दुसऱ्यावर फोडतेय.”

ठिपकेबाईंनी फोन लावला. पुतणीनं पहिल्याच घंटेला उचलला, कारण काकू या वेळी कधी फोन करत नाहीत. आई बरी आहे ना, असं घाबरून विचारलं.

“बरी आहे. तुझ्या आईनं काही अंगावर काढलं नव्हतं,” ठिपकेबाई म्हणाल्या. “ती वेळेवर आली होती. तिची काच मी वाचली आणि माझ्या हातून सुटली. ती मला विचारत राहिली आणि मी काही नाही, काही नाही, म्हणत राहिले. आणि ते अंगावर काढण्याचं वाक्यही माझंच आहे. ते तू माझ्याकडून उचललंस.”

पुतणी म्हणाली, “फोन आईला द्या.” काकू अशी हाक मारली नाही.

जाऊ फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. दार लोटलेलं होतं, शब्द ऐकू येत नव्हते. ठिपकेबाईंनी तेवढ्यात रजिस्टर उघडलं, त्या ओळीसमोर लाल शाईनं ‘फेरतपासणी, कॅन्सरच्या पेशी आहेत’ असं लिहिलं, मैत्रिणीची सही तशीच ठेवली, शेजारी लिहिलं, ‘ही स्लाइड वाचली मी’, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. अक्षर वाकडं आलं. चौकशीचा कागद येईल तेव्हा येईल.

जाऊ परत आली ती जरा लंगडत. डोळे लाल होते, पण चेहरा असा होता जसा ठिपकेबाईंनी तो सहा वर्षांत पाहिला नव्हता, कुणीतरी डोक्यावरून भारा उतरवून घेतल्यासारखा.

“रडत होती,” ती म्हणाली. “मला म्हणाली, चुकलं माझं. येतेय शनिवारी.”

ठिपकेबाईंनी मान हलवली.

“तुम्हाला मी काही म्हणणार नाही, जाऊबाई. माफही नाही म्हणणार. एवढ्यात तरी नाही,” जाऊ म्हणाली आणि त्याच खुर्चीत पुन्हा बसली. डावा पाय पुढे केला. मोजा घसरून घोट्यापाशी गोळा झाला होता. “हा तेवढा वर ओढून द्या. मला वाकता येत नाही.”

ठिपकेबाई खाली बसल्या. चार वर्षांत त्यांनी या पायाबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, हात कधी लावला नव्हता. पाय जड होता, थंड होता, आणि बोट दाबलं तिथे खळगा पडून तसाच राहत होता. त्यांनी मोजा दोन्ही हातांनी धरून वर घ्यायला सुरुवात केली.

“घट्ट ओढा,” वरून जाऊ म्हणाली. “मध्येच सोडू नका. शेवटपर्यंत न्यायचा असतो.”